शंखमामा आणि कागदी नॉटिलस

शंखमामा मला पहिल्यांदा भेटले ते ओरडूनच. संग्रहालयाच्या छताला आज जो तडा आहे तो त्याच ओरडण्याचा, असं माझं ठाम मत आहे. मी नवा तिकीटवाला होतो आणि कपाटातल्या एका शंखाला बोट लावलं होतं, एवढाच गुन्हा. पुढची सात वर्षं मी त्या दालनातून हात खिशात घालून फिरलो.

शंख साफ करणं हे मामांचं काम. चिमट्याने शंख पातळ केलेल्या अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा, आकडे मोजायचे आणि लगेच पाण्यात. जाड शंखाला दहा, नाजुकाला चार. तीस वर्षांत एक शंख बिघडला नव्हता. कपाटाची किल्ली कायम गळ्यात. आंघोळीलाही काढत नसावेत.

मग लेबलं लिहायला एक तरुण बाई आल्या. त्याच आठवड्यात कुणीतरी एक पांढरा, चुण्याचुण्यांचा, फुंकरीने उडेल असा शंख देणगी म्हणून दिला. संग्रहालयाच्या साहेबांनी तो थेट बाईंच्या हातात ठेवला. मामांचा चेहरा पानातला घास कुणी उचलून न्यावा तसा झाला.

"कागदी नॉटिलस," बाई म्हणाल्या. "नॉटिलस या शंखवाल्या समुद्री प्राण्यासारखा दिसतो, पण खरं तर हा ऑक्टोपस. मादी अंड्यांसाठी हे घर स्वतः बनवते."

"म्हणजे कागदही नाही, नॉटिलसही नाही! मग नाव कशाला?"

"लोक म्हणतात, मामा. तुम्ही तरी कुठे कुणाचे मामा आहात?"

मी हसलो, ही माझी चूक. मामा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी बाई रजेवर होत्या. मामांनी त्यांच्या टेबलावरून शंख उचलला. "आल्या आल्या शिकवतात! माझ्या कपाटात न धुतलेला शंख जाणार नाही."

बुडवला. "एक... दोन..."

"मामा, फेस येतोय!"

"चार म्हणजे चार. ती सांगणार का मला?"

चौथ्या आकड्याला शंख वर आला तेव्हा त्याची एक बाजू नव्हती. मामा स्टुलावर बसले. म्हणाले, "तिच्या हातूनही असंच झालं असतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी शंख पाहिला, विरघळलेली बाजू भिंतीकडे केली आणि लेबल लावलं.

मामांच्या गळ्यातली किल्ली आता बाईंच्या टेबलाच्या खणात असते.