शिळा फोटो

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत ती भिंगं घासते. सगळे तिला ताई म्हणतात. वयाने मोठा असलेला मालकसुद्धा. जंगल तिने कधी पाहिलं नाही. दुकान ते घर, घर ते दुकान.

धाकट्या भावाच्या मात्र पायाला भिंगरी. कॅलेंडरवाल्यासाठी तो राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढायचा. कुठे चाललो, हे सांगून जाणं त्याला ठाऊकच नव्हतं. तिकडून नुसता एक फोटो यायचा. खाली दोन शब्द : ओळख कुठलं?

ताई हात पुसायची. मातीचा रंग बघायची, खोडाची साल, वारुळाची उंची. मग फोन लावून उद्यानाचं नाव सांगायची.

"कसं ओळखलंस गं?"

"माझे डोळे शाबूत आहेत. तू ये एकदा नंबर काढून घ्यायला."

मग त्याचा फोन लागेनासा झाला. कॅलेंडरवाल्यालाही पत्ता नव्हता. वनखात्याचा साहेब म्हणाला, "बाई, उद्यान काय एकच आहे का? शोधायचं कुठे?"

ताईने शेवटचा फोटो पुढे केला. पांढरे कडे, खाली गुडघाभर हिरवं गवत.

"हे दक्षिणेकडचं. तिथेच आहे तो," ती छातीठोकपणे म्हणाली.

सगळी माणसं, सगळ्या जीपा तिकडे गेल्या.

तो तिथे नव्हता. पार दुसऱ्या टोकाला, तळ्यांच्या उद्यानात त्याची जीप घळीत घसरली होती. लाकडं गोळा करणाऱ्या बायकांना ती दिसली, तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, पाय मोडला होता. बराच काळ जिवंत असावा.

फोटो पांढऱ्या कड्यांचाच होता, पण गेल्या पावसाळ्यातला. सारखा हरायचा म्हणून तिला चकवायला तो अधूनमधून जुना फोटो पाठवायचा. ताई त्याला शिळा फोटो म्हणायची आणि लगेच पकडायची. या वेळी भर उन्हाळ्यात गवत हिरवं होतं. ते तिने पाहिलं होतं. पाहिलं आणि पुढे गेली.

"तुझं उत्तर कुठे चुकलं होतं, ताई?" मालक समजावत म्हणाला.

"नाही चुकलं," ती म्हणाली आणि पुढचं भिंग घेतलं. रडू येत नव्हतं. आपल्याला काय झालंय, ते तिला कळत नव्हतं.

पुढे कॅलेंडरवाला भावाच्या कॅमेऱ्यातले फोटो घेऊन दुकानात आला. खाली जागांची नावं छापायची होती. ताईने एकेक ओळखून दिलं. शेवटचा फोटो तळ्याचा होता. काठावर जीपच्या चाकांच्या ताज्या खुणा.

"आणि हा?" त्याने विचारलं.

ताईने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हरले," ती म्हणाली. "हा नाही ओळखता येत."

कॅलेंडरवाल्याने फोटोखाली उद्यानाचं नाव स्वतःच लिहिलं.