सोनचाफ्याचा नेम आणि माझा आखडलेला खांदा

आधीच सांगते, त्या दिवसांत माझी श्रद्धा काही फार शोभेशी नव्हती. मी देवीवर रुसले होते. मुलगा तान्हा असताना तापानं फणफणला, तेव्हा मी गावदेवीला बोलले होते की दर मंगळवारी आमच्या वाडीतली सोनचाफ्याची अकरा फुलं माझ्या उजव्या हातानं खुडून तुला वाहीन. मुलगा बरा झाला, मोठा झाला, त्याचं लग्नही झालं. नेम मी जिवापाड सांभाळला. आणि गेल्या वर्षी तोच उजवा हात खांद्यापासून आखडला. वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. देवाच्या फुलाला डावा हात लावायचा नाही, म्हणून मी डाव्या हातानं उजव्याचं कोपर वर ढकलून फुलं खुडायची. सून म्हणायची, "आई, मी खुडते ना." तिचं माहेर विरारच्या मनवेलपाड्याचं, बिल्डिंगमधलं. मी म्हणायची, "तुला देठ कळत नाही." खरं कारण वेगळं होतं. नेम मोडला तर मुलाचं काही वाईट होईल, ही भीती मनात घर करून बसली होती, आणि ती बोलून दाखवायची मला लाज वाटत होती.

शेवटी मुलगाच मला विरारच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, फ्रोजन शोल्डर आहे, शुगर असणाऱ्यांना होतो, वेळ लागेल पण सुटेल. तिथली फिजिओथेरपी करणारी मुलगी खांद्याला चार पॅड चिकटवून हलका करंट लावायची. मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, बस्स. एवढ्यानं काय होणार? मी कडक उपास करणारी, अनवाणी देवळात जाणारी बाई. सोसल्याशिवाय फळ नाही, हे माझं गणित. "वाढव गं, सोसेन मी," असं म्हटलं की ती हसायची. "काकू, दुखलं की खांदा आणखी आवळतो. आधी दुखणं कमी करू, मग हात हलवता येईल." चौथ्या दिवशी तिची पाठ वळल्यावर मी गुपचूप बटण फिरवलं. असा झटका बसला की तोंडातून देवीचं नाव निघालं. तिनं धावत येऊन मशीन बंद केलं, आणि या वयात मी शाळकरी पोरीसारखी बोलणी खाल्ली.

शेजारच्या खाटेवर अर्नाळ्याची एक म्हातारी कोळीण गुडघ्याला शेक घेत पडली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ओळख ना पाळख, पण कसं कोण जाणे, मी तिला नेमाची सारी हकिकत सांगून टाकली, भीतीसकट. ती म्हणाली, "बाय, चाळीस वर्सं मासळीची पाटी वाहिली मी. पन भरलेली पाटी एकटीनं डोईवर कवा चढवली नाय. कोन ना कोन हात लावतंच. नाय म्हनले असते तर मासळी तितंच नासली असती. देवीनं तुला सून दिली, नि तू तिलाच नाय म्हनतेस?"

तेवढ्यात फिजिओथेरपीची मुलगी परत आली. पुन्हा हलका करंट झाला, मग माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांवर तोलून घेतला आणि म्हणाली, "वजन सोडा काकू, मी धरलाय." रोज ती हेच सांगायची आणि रोज मी हात ताठ धरायची. त्या दिवशी सोडला. मला रडू आलं, पण दुखलं म्हणून नव्हे. कित्येक वर्षांत मी कशाचंच वजन कुणावर टाकलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सुनेनं फुलं खुडली आणि आम्ही दोघी देवळात गेलो. मी देवीला सरळ सांगितलं की फुलं हिनं खुडली आहेत, आणि मुलाला तूच सांभाळ, ते माझ्या हातात नाही. छातीवरचं ओझं उतरलं. म्हातारी पुन्हा दिसली नाही. तिचे शेक त्याच दिवशी संपले होते, असं कळलं. मी त्याचा कीस काढत बसत नाही. करंटनं, व्यायामानं आणि काही महिन्यांच्या धीरानं खांदा सुटला, हे खरं. ती म्हातारी नेमकी त्या दिवशी माझ्या शेजारी होती ही देवीची कृपा, हेही मला तितकंच खरं वाटतं.

आता वेणी माझी मी घालते. चाफ्याच्या वरच्या फांदीपर्यंत मात्र हात अजून जात नाही. मंगळवारी सून शिडीवर चढते, मी खाली ओंजळ धरून उभी राहते, आणि पडणाऱ्या प्रत्येक फुलाला देवीचे आभार मानते.