काकूंचं ‘नाही’

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. पाण्याच्या मोर्चाची, चौदा एप्रिलच्या सभेची, बंद पडलेल्या दवाखान्याची. पप्पा परळच्या एका छापखान्यात कामाला आहेत. मी लहान असताना ते मला मसुदा वाचायला द्यायचे आणि सांगायचे, “सगळ्यांचं मिळून जे म्हणणं आहे ते वर, ठळक, एकदाच. बाकीचं खाली.” मी तशीच लिहायला शिकले. पुढे प्रोग्रामही तसाच लिहिला, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला जावा ही प्रोग्रामिंगची भाषा होती. सर्व्हरवर चालणारे वेब प्रोग्राम कसे लिहायचे याचं नवशिक्यांसाठीचं एक इंग्रजी पुस्तक मी फोर्टच्या फुटपाथवरून आणलं. मोबाइलवर कोणी फॉर्म भरून बटण दाबलं की ती माहिती सर्व्हरवरच्या प्रोग्रामकडे येते. तो ती वाचतो, नोंदवतो, उत्तर पाठवतो. त्या प्रोग्रामला सर्व्हलेट म्हणतात. पहिली चार प्रकरणं मी पेन्सिल घेऊन वाचली, प्रत्येक उदाहरण करून बघितलं. पाचवं नुसतंच मजकुराचं होतं. ते सोडून मी पुढे गेले.

त्याच महिन्यात लालबागच्या आमच्या चाळीत पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. प्रत्येक खोलीने होय किंवा नाही सांगायचं होतं. आमच्याकडे हे हात वर करून चालतं. आधी सगळे चाळ कमिटीच्या सेक्रेटरींच्या हाताकडे बघतात, मग आपला उचलतात. मी मिटिंगमध्ये उभी राहून म्हणाले, “हे मतदान नाही, ही कवायत आहे.” पप्पांनी मान खाली घातली, पण ते हसत होते. सेक्रेटरी म्हणाले, “मग तू सांग ना इंजिनीअर, कसं करायचं?”

मी म्हणाले, मी फॉर्म बनवते. आपापल्या मोबाइलवर भरा. यादी नंतर लागेल, पण उत्तर देताना शेजाऱ्याचा हात दिसणार नाही.

आठ दिवसांत फॉर्म तयार झाला. नाव, खोली नंबर, उत्तर. घरी मी तो कितीतरी वेळा भरून बघितला. एकदाही चुकला नाही.

रविवारी सकाळी अंगणात सगळे जमले. कोणी आधी भरलं, कोणी कोणाचं बघून भरलं, असा वाद नको म्हणून सेक्रेटरींनी ठरवलं की बटण सगळ्यांनी एकदम दाबायचं. आमच्या चाळीत काहीही एकट्याने करायचं नसतं. मलाही ते आवडलं. तळमजल्यावरच्या मालवणी काकू एकट्या राहतात. त्यांना मोबाइल नीट जमत नाही, म्हणून मी त्यांच्या शेजारी उभी होते. नवी इमारत होईपर्यंत ट्रान्झिट कॅम्पमध्ये जायचं तर तिथून आपण परत येणार नाही, हे त्या प्रस्ताव आल्यापासून सांगत होत्या. त्यांनी माझ्यासमोर ‘नाही’ निवडलं. सेक्रेटरी ओरडले, “एक, दोन, तीन!” बटणं दाबली गेली, पोरांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी यादी बोर्डावर लागली. बहुमत होय. काकूंच्या नावापुढेही होय.

त्या जिना चढून आमच्या दारात आल्या. “काय गो चेडवा, मी नाय म्हटलंय आणि तुझो कम्प्युटर होय म्हणता?”

मी म्हणाले, बघते. पुस्तक काढून मी एकेक पान उलटत गेले. उत्तर त्या सोडलेल्या पाचव्या प्रकरणात होतं. सर्व्हर प्रत्येक माणसासाठी वेगळा सर्व्हलेट तयार करत नाही. एकच असतो आणि तोच एकाच वेळी सगळ्यांची कामं करतो. म्हणून ज्याचं त्याचं उत्तर आतल्या, ज्याच्या त्याच्या जागेत ठेवायचं असतं. मी ते सगळ्यात वर ठेवलं होतं, सगळ्यांना मिळून एकच जागा. काकूंचं ‘नाही’ त्या जागेत आलं, माझा प्रोग्राम त्यांचा खोली नंबर तपासत राहिला, तेवढ्यात दुसऱ्या कोणाचं ‘होय’ त्यावर येऊन पडलं. घरी मी एकटीच फॉर्म भरत होते, तिथे हे घडणारच नव्हतं.

मूळ उत्तरं कुठेच उरली नव्हती. किती बदलली, कोणाची बदलली, मला सांगता येईना.

सेक्रेटरींना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “काकूंचं दुरुस्त कर आणि विषय संपव. बाकी कोणाची तक्रार आहे का?”

“तक्रार नाही म्हणजे बरोबर आहे असं नाही.”

“तुला चाळ पडेपर्यंत थांबायचंय का गं?”

मला खरा राग आला तो घरी. पप्पांनी निकालाचं पत्रक छापूनही आणलं होतं. गठ्ठा टेबलावर होता. ते म्हणाले, “आठ दिवस गप्प रहा. बिल्डरला कळलं आपल्यात फूट आहे, तर तो आपल्याला दारात उभं करणार नाही.”

“पप्पा, हे खोटं आहे.”

“खोटं नाही. चूक आहे. तुझी आहे.”

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. मी जेवले नाही. सकाळी वहीच्या पानावर लिहिलं, की ही यादी माझ्या चुकीमुळे भरवशाची नाही, ती कोणी वापरू नये, आणि खाली सही करून ते बोर्डावर यादीच्या वर चिकटवलं. दुपारपर्यंत अर्धी चाळ मला फितूर म्हणत होती. एका काकांनी तर विचारलं, “किती मिळाले गं विरोधकांकडून?” पप्पा त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतं बोलले. पत्रकांचा गठ्ठा त्यांनी वाटला नाही, फाडलाही नाही.

माझं पान बोर्डावर असताना ती यादी वापरता येईना, म्हणून पुढच्या रविवारी नाव घातलेल्या चिठ्ठ्यांवर पुन्हा मत घेतलं, एकेका खोलीने आत जाऊन. होयच जिंकलं. आधीपेक्षा कमी फरकाने, पण जिंकलं. सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, “झालं समाधान?”

नवी यादी मी हाताने लिहिली. काकू बोर्डासमोर आल्या, बोटाने एकेक नाव खाली सरकत आपल्या नावापर्यंत पोचल्या. पुढे ‘नाही’ होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“बरोबर हा,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, “मगे खोली कधी खाली करूची?”

कमिटीने तारीख दिली होती, मला ती माहीत होती. मी ती सांगितली.