अण्णांची पिवळी भिंत

लोकांची घरं सजवण्याच्या धंद्यात किस्से आपोआप साठतात. जुन्या कपाटाला पॉलिश करायला जावं, तर त्यातून अख्खं घराणं बाहेर पडतं! बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या आमच्या वर्कशॉपमधले निम्मे किस्से एकट्या अण्णांचे. अण्णा म्हणजे आमचे पॉलिश आणि रंगाचे मुख्य मिस्त्री. ते इथलेच, पिढीजात बेंगळुरूचे मराठी. मी पुण्याहून आलेली. दोन वर्षं झाली, त्यांची नजर जात चालली आहे. त्यामुळे हे किस्से सांगताना आता पूर्वीसारखं हसू येत नाही.

*

जे. पी. नगरमधल्या एका नवरा-बायकोचं बेडरूमच्या रंगावरून जोरात वाजलं. तिला हिरवा हवा, त्याला निळा. अण्णांनी दोन्हींच्या मधला एकच रंग कालवला. सकाळी तिला म्हणाले, "अक्का, हा तुमचा हिरवा." संध्याकाळी त्याला म्हणाले, "सर, हा तुमचा निळा." दोघंही खूश!

मी डोळे वटारले, तर म्हणाले, "मेघा, संसारात स्वल्प असंच कालवायचं असतं."

*

येलहंक्याच्या एका बाईंना नवं कोरं टेबल जुनं दिसायला हवं होतं. आम्ही साखळीनं ठोकून ठोकून त्याला म्हातारं करत होतो.

अण्णा म्हणाले, "अक्का, घरात दोन पोरं सोडा की. वर्षात काम होतंय, तेही फुकट!"

"पोरं परदेशी असतात हो," बाई म्हणाल्या.

जाताना टेबलाच्या कोपऱ्यावर अण्णांनी चहाच्या कपाचा एक गोल डाग मुद्दाम उमटवला. बाई त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या.

*

मग ती दारं. एका फ्लॅटमध्ये अण्णांनी शेजारशेजारच्या दोन दारांना दोन वेगळी पॉलिशं केली. एक फिकं, एक गडद. मला घाम फुटला. मालक आला, बघतच राहिला. "वॉव! हीच तर माझी स्टाइल!" फोटोसुद्धा काढले पठ्ठ्यानं!

परतताना गाडीत आम्ही पोट धरून हसत होतो. अण्णा तेवढे हसले नाहीत.

"मला दोन्ही एकच दिसली," ते म्हणाले.

*

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही टिकणार नाही. अण्णा बाहेर आले आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. मग आधी शांताचा हॉल."

शांताअक्का म्हणजे त्यांची बायको. लग्न झाल्यापासून त्या हॉलला पिवळा रंग मागत होत्या. लोकांची घरं रंगवता रंगवता अण्णांचं ते राहूनच गेलं होतं.

"दिसतंय तोवर माझ्या हातानं लावणार. कुणी मदतीला यायचं नाही!"

*

शनिवारी त्यांनी वर्कशॉपमधल्या रॅकवरून डबे नेले. रॅकवर प्रत्येक रंगाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली, त्यामुळे अण्णा लेबल कधी वाचतच नसत. आणि त्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेनं रॅक आवरला होता. पिवळ्याच्या जागी राखाडी ठेवला होता.

हे मला आठवलं ते रविवारी संध्याकाळी, अण्णांनी वर्कशॉपमधल्या आम्हा सगळ्यांना हॉल बघायला बोलावलं आणि त्यांच्या घरासमोर, खिडकीतून राखाडी हॉल दिसला तेव्हा. आतून अण्णांचा आवाज येत होता, "आले का सगळे? बोलव, बोलव!"

शांताअक्का दारातच उभ्या होत्या. आम्ही चपला काढत होतो. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि एकेकाला हळूच सांगितलं,

"आमची भिंत पिवळी आहे हं."