चौदा नंबरचा स्फोट

भूतखेत, संकेत, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. "यात काही नाही" असं म्हणण्याचाच तर मला पगार मिळतो...

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी काम करते. दूर कुठेतरी एखादा मोठा तारा मरतो, तेव्हा काही सेकंद गॅमा किरणांचा झोत उसळतो. अवकाश दुर्बिणीच्या डेटातून आम्ही असे स्फोट शोधतो. प्रोग्रॅम रोज संशयितांची यादी काढून देतो. त्यातले बहुतेक खोटे – कुठला तरी भरकटलेला कण आदळलेला, नाहीतर उपकरणाचीच खरखर. प्रत्येकाचा आलेख उघडून खरा की खोटा हे मी ठरवते.

माझा ज्युनिअर मेश्राम. मूळचा चंद्रपूरचा, बिबवेवाडीत बायको आणि लहान मुलीबरोबर राहतो. त्या बुधवारी संध्याकाळी निघताना तो म्हणाला, "मॅडम, यादीतला चौदा नंबर खरा वाटतोय. बघून घ्या ना एकदा."

"मेश्राम, तुम्हाला सगळेच खरे वाटतात."

तो कसनुसा हसला आणि गेला. मी काही बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजला. वरच्या मजल्यावरच्या मेश्रामच्या खोलीचा नंबर होता.

"मॅडम, चौदा नंबर बघितला?"

"बघितला. खोटा आहे."

मी तो उघडलासुद्धा नव्हता. यादी बाराच्या आत पाठवायची होती आणि मला वाद नको होता.

"तुम्ही बघितलात ना... मग ठीक आहे," तो म्हणाला. फोन ठेवला. मी चौदासमोर 'खोटा' लिहून यादी पाठवून दिली.

साडेबाराला ऑफिसातले जोशीकाका आले. "मॅडम, मेश्रामचं कळलं का? सकाळी येताना स्कूटर घसरली. साडेआठपासून बेशुद्ध आहे."

"काका, आत्ता तासाभरापूर्वी त्याच्या खोलीतून फोन आला होता."

"कसा येईल? खोलीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे." त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली.

मी चौदा नंबर उघडला... उपकरणाच्या चारही भागांत, एकाच क्षणी, आलेख वर गेलेला. कण आदळला तर एकाच भागात दिसतो. हा खरा होता. इतका स्पष्ट, की अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

दोन वाजता आम्ही इतर वेधशाळांना कळवलं. पण अशा स्फोटामागे राहणारा उजेड झपाट्याने विझतो. त्यांनी दुर्बिणी वळवल्या तेव्हा तिथे काहीच उरलं नव्हतं. मेश्रामने शोधलेला पहिला खरा स्फोट, आणि तो माझ्यामुळे हुकला.

मेश्राम नवव्या दिवशी शुद्धीवर आला. महिन्याभराने मी त्याच्या घरी गेले. सगळं कबूल करायचं ठरवूनच गेले होते. पण तोच आधी बोलला.

"मॅडम, त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. घरातून निघालो, तेही नाही. फक्त तुमचा आवाज आठवतो. 'बघितला' म्हणालात. मग मला एकदम निवांत वाटलं."

त्याची बायको चहा घेऊन आली. "तुमचं नाव घेतात सारखे," ती म्हणाली. "मॅडमनी बघितलं म्हणजे काळजी नाही, म्हणतात."

मी चहा प्यायले. मुलीचं नाव, शाळा विचारली. आणि काही न सांगता उठून आले.

तो फोन कुणी केला, मला आजही माहीत नाही. कुलूपबंद खोलीतून तो कसा लागला, हेही कुणाला सांगता आलेलं नाही. मेश्राम पुन्हा कामावर यायला लागलाय. मी त्याला अजून खरं सांगितलेलं नाही... इथे पहिल्यांदाच लिहितेय.