गाडी मॅडमच्या नावावर आहे

पहिला फोन आला तेव्हा मी सकाळचा उरलेला भात परतत होतो. बायको दिवाळीच्या दिवसांत गेली, आता उन्हाळा लागला होता. पण तिचा मोबाइल मी बंद केला नव्हता. माझ्या मोबाइलबरोबर तोही चार्जिंगला लावायचो.

"मॅडम आहेत का?" पलीकडून एका मुलीनं विचारलं. ती गाडीच्या शोरूममधून बोलत होती. गाडीची कंपनीची वॉरंटी संपत आलीय, पुढं वाढवून घ्यायची का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

ठरवून नव्हतो म्हणालो. इतकी वर्षं तिच्यासाठी फोन आला की मी हेच सांगत आलो होतो, तेच तोंडातून गेलं. "बरं सर, मी नंतर करते," म्हणून मुलीनं फोन ठेवला. भात खाली लागला. ती बाहेर गेलीय आणि परत येणार आहे, असं समजणारं एक तरी माणूस सोलापुरात आहे, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

आमच्याकडं गाडी तीच चालवायची. माझा उजवा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळं मला लायसन्स कधी मिळालंच नाही. ती कुंभारीच्या शाळेत शिकवायची. आधी एसटीनं, मग स्कूटरवरून. पन्नाशी उलटल्यावर एका सुट्टीत कुणाला न सांगता ड्रायव्हिंग क्लासला जाऊन आली आणि शाळा सुरू व्हायच्या आत गाडी दारात उभी केली. अक्कलकोट रस्त्यावर पहिल्यांदा तिनं उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकलं तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. "एकच तर चालतो तुमचा, तोही मिटला?" असं म्हणून ती इतकी हसली, की मला गाडीचीच काळजी वाटली.

शोरूमचे फोन येत राहिले. मॅडम शाळेत आहेत, मॅडम झोपल्यात, मॅडम बहिणीकडं बार्शीला गेल्यात, असं मी सांगत गेलो. मुलगी कधी वैतागली नाही. तिला महिन्याचं टार्गेट असणार, हे मला कळत होतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसी हे सगळं वॉरंटीत येतं, टायर, बॅटरी, वायपर येत नाहीत, हे तिनं समजावून सांगितलं. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. आम्हाला मूलबाळ नाही. माझी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात झाली, तिथले लोक रिटायर होऊन पुण्याला मुलांकडं गेले. दुपारी खिडक्या लावून घेतल्या की संध्याकाळपर्यंत घरात पंख्याशिवाय आवाज नसायचा. त्यात कुणीतरी "मॅडमना विचारलंत का, सर?" असं म्हणायचं. मी "आज विचारतो" म्हणायचो.

शेवटी ती म्हणाली, "सर, गाडी एकदा तपासून घ्यावी लागते. आमचा ड्रायव्हर येऊन घेऊन जाईल. तुम्ही मॅडमना घेऊन या फक्त, सहीला."

मी हो म्हणालो. का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही.

ड्रायव्हर चांगला उंचापुरा होता. मी त्याच्याशेजारी बसलो. गाडी बाहेर काढता काढता तो म्हणाला, "गाडी लई नीट ठिवलीया की वो काका. पर चालवत न्हाय वाटतं कुणी?"

"सध्या नाही," मी म्हणालो.

शोरूममध्ये एसी इतका थंड होता की अंगावर काटा आला. ती मुलगी काउंटरमागून उठून आली. आवाजावरून वाटली होती त्यापेक्षा लहान होती. माझ्या मागं दाराकडं बघत तिनं विचारलं, "मॅडम नाही आल्या, सर?"

"मॅडम दिवाळीत वारल्या."

हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलंच नव्हतं. घरी भेटायला आलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून तर ते आले होते. मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"पण काका, तुम्ही तर..." सरांचा काका झाला होता. तिनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं ठेवला आणि स्क्रीनकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "गाडी मॅडमच्या नावावर आहे. आधी आरटीओत जाऊन तुमच्या नावावर करून घ्या. मग मी लगेच वॉरंटी करून देते. मुदत आहे अजून."

"म्हणजे तिचं नाव काढायचं."

"बदलायचं, काका."

बँकेत, गॅसच्या ऑफिसात, रेशनकार्डावर, नुसता मृत्यूचा दाखला पुढं केल्यावर सगळीकडून ते निघालं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी सही मीच केली होती. "राहू द्या," मी म्हणालो.

"पुढं काही बिघडलं तर सगळं तुमच्याच अंगावर येईल, काका."

"येऊ दे."

"मग मी सिस्टीममध्ये तसं टाकते. म्हणजे मॅडमच्या नंबरवर आमचे फोन येणार नाहीत. तुम्हाला उगीच त्रास."

त्रास नाही होत, हे तिला कसं सांगणार? मी मान हलवली आणि रिक्षा करून घरी आलो.

संध्याकाळी ड्रायव्हरनं गाडी आणून लावली. तो गेल्यावर मी सहज पुढचं दार उघडलं, तर स्टिअरिंगसमोरची सीट त्यानं पार मागं सरकवलेली. बायको ठेंगणी होती. पाय पोचावेत म्हणून सीट अगदी पुढं घेऊन बसायची. मी खालचा दांडा ओढून सीट पुढं घेतली, जरा मागं केली, पुन्हा पुढं घेतली. नेमकी कुठं होती ते मला आठवेना. रोज शेजारी बसलो होतो, तरी आठवेना.

त्यानंतर तिचा फोन वाजला नाही. मी तो चार्ज करत राहिलो.

पावसाळ्यात गाडीच्या विम्याची मुदत आली, आणि विमेवाल्यांनीही तेच सांगितलं. बिनविम्याची गाडी दारात ठेवायला मी घाबरलो. आरटीओत गेलो, नाव बदललं. नवं कार्ड आल्यावर शोरूमला फोन लावला. तीच मुलगी होती.

"गाडी माझ्या नावावर झाली," मी सांगितलं. "आता वॉरंटी वाढवता येईल का?"

"मुदत गेली की, काका," ती म्हणाली. "आता नाही होत."

"बरं."

"काही बिघडलंय का गाडीचं?"

"नाही, नाही. तुमचं रविवारी सुरू असतं का?"

"अर्धा दिवस."

"आणि सणावारी?"

"सणाला बंद, काका. अजून काही होतं का?"

"नाही," मी म्हणालो. तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडं कुणीतरी तिला हाक मारत होतं. मग मीच ठेवला.