अक्कांनी भाव केला नाही

आमच्या घरमालकीण अक्का ज्याच्याशी भांडल्या नाहीत असा माणूस जळगावात असलाच, तर तो त्यांना अजून भेटलेला नाही एवढाच त्याचा अर्थ. भाजीवाला, दूधवाला, केबलवाला ही तर रोजची मंडळी. पण धुळ्याला माहेरी जाताना एसटी पारोळ्याला फार वेळ थांबली म्हणून त्या कंडक्टरशी भांडायच्या आणि येताना फार कमी वेळ थांबली म्हणूनही. टीव्हीवरच्या सुनेला जेवढं त्यांनी सुनावलं तेवढं तिच्या मालिकेतल्या सासूलाही जमलं नसेल. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, कॉलेजात शिकवते, एकटी राहते. माझी भाजीची वाटी त्यांनी कधी रिकामी परत केली नाही. तिच्यात त्यांची भाजी असायची आणि सोबत माझ्या भाजीतल्या चुका तोंडी यायच्या. माणूस प्रेमळ, पण प्रेम पोचवण्याचा रस्ता हा असा खडीचा.

त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा मुलगा पुण्यात, म्हणून दवाखान्यात त्यांच्यासोबत मी जायला लागले. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली. ते म्हणाले, "हे औषध तुमच्या शरीरातल्या शिपायांना जागं करतं. ते कॅन्सरशी भांडतात. पण कधी कधी चेव येऊन घरच्यांशीही भांडायला लागतात. जुलाब, धाप, पुरळ, डोळे पिवळे होणं, डोकेदुखी, न सोसणारा थकवा, काहीही नवं वाटलं की आधी आम्हाला फोन. परस्पर औषध घ्यायचं नाही."

"भांडन तं माले समजस," अक्का म्हणाल्या. पहिल्यांदाच कुणी डॉक्टर त्यांच्या भाषेत बोलला होता. तरी दोन-तीन सलाइन झाल्यावर त्यांनी आरशात बघून शंका काढलीच, "केस तं बठ्ठा जागावरच शेतस. मंग औषध खरं शे का?" नर्सने हसत सांगितलं की या औषधानं सहसा केस जात नाहीत. अक्कांना ते पटलं नाही. थेंब हळू पडतात म्हणून त्यांनी तिच्याशी वेगळा वाद घातला, आणि त्या भांडताहेत म्हणून मी बाहेरच्या बाकावर निवांत बसले.

मग मे महिना आला. एका सकाळी भाजीवाला जिना चढून माझ्या दारात. चेहरा उतरलेला. "ताई, अक्काची तब्येत बरी शे ना? आज त्यास्नी भावच नही करा. दिलं ते लिधं."

मी खाली गेले. अक्का पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. दुपारी त्यांनी भांडावं म्हणून मी मुद्दाम अळणी वरण नेलं, त्या दोन घास खाऊन म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, चाली जाई." हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. गल्लीला मात्र हायसं वाटलं होतं. आजारपणानं माणूस नरम होतो, असं समोरच्या काकू समाधानानं सांगत होत्या. शेजारच्या नानांनी निदान केलं, "ऊन लागेल शे, बाकी काही नही," आणि उशाशी कांदा ठेवून गेले. मुलगा फोनवर म्हणाला, आई किती शांत झाली आहे. आमच्या उन्हात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा थकवा उन्हाचाच असणार, हे मलाही पटत आलं होतं.

तेवढ्यात अक्का पुटपुटल्या, "तो कूलर बंद कर वं. माले थंडी वाजस."

थंडी! जळगावात, मे महिन्यात, भर दुपारी. त्यांचे पाय हाताला थंड लागले. मी दवाखान्यात फोन लावला. नर्सनं डोकेदुखी आणि चक्कर विचारली, दोन्ही होत्या, आणि ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या. रिक्षात अक्का माझ्या खांद्यावर मान टाकून होत्या. रिक्षावाल्यानं लांबचा रस्ता घेतला तरी त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मी रडायलाच लागले.

रक्तदाब तळाला गेला होता. शिपायांनी मेंदूखालच्या इवल्याशा ग्रंथीवर हल्ला केला होता, आणि अंगाला बळ देणारं स्टेरॉइड शरीरात बनेनासं झालं होतं. ते शिरेतून दिल्यावर दुसऱ्या दिवशी अक्कांनी डोळे नीट उघडले. आता त्याची गोळी बहुधा कायमची, आणि एकही दिवस चुकवायची नाही. ताप किंवा उलटी झाली तर लगेच फोन. कॅन्सरचं औषध पुढे चालू ठेवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या भांडणाचा निकाल पुढच्या स्कॅनमध्ये कळेल, आणि त्या तारखेचा विचार आला की मला झोप लागत नाही.

घरी आल्यावर अक्का ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी गप्प व्हती तवय बठ्ठासले बरं वाटनं व्हई, नही?"

"मला भीती वाटली, अक्का."

यावर त्या काहीतरी खोचक बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या बोलल्या नाहीत. मग मी हळूच त्यांचा हात हातात घेतला, गार नाही ना ते बघायला.